धायटी, फ्रेम नंबर अठरा

मुलुंड (पश्चिम)
रविवार, १३ डिसेंबर १९८७

श्री. भीमराज जोंधळे यांस,
स. न. वि. वि.

पत्र कामापुरतं आहे. तुझा मनमाडचा पत्ता अंबादासने दिला. तो अजून कारखान्याच्या टाइम ऑफिसातच आहे आणि सोडून गेलेल्यांच्या पत्त्यांची वहीही त्याच्याकडेच. तू गेल्याला साडेसहा वर्षं झाली. इतक्या दिवसांनी पत्र का, ते क्रमाने सांगतो.

आमच्याकडे एक निसर्ग मंडळ निघालं आहे. शाळेतले देवस्थळी मास्तर, श्यामकांत देवस्थळी, त्याचे सेक्रेटरी. कॉलनीमागच्या डोंगरावरची झाडंझुडपं, पक्षी, एवढाच विषय धरून १२, १३, १४ फेब्रुवारीला शाळेच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन आहे. माझे अकरा फोटो निवडले. बारावा त्यांना धायटीचा हवा आहे, आणि तो मधोमध लावायचा आहे. माहितीपत्रक २५ जानेवारीला छापायला जाईल, त्याआधी प्रत्येक फोटोखालचं नाव द्यायचं आहे.

धायटीचा म्हणजे तोच. १० फेब्रुवारी १९८०, रविवार, सकाळी पावणेनऊ. फांदीला उलटा लटकलेला शिंजीर, चोच फुलाच्या नळीत मुळापर्यंत. साप्ताहिकाच्या स्पर्धेत ज्याला दुसरं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि ज्याच्याखाली माझं नाव छापून आलं. लाल फिल्टर लावला म्हणून त्यात फुलं उजळ आली. नाहीतर काळ्यापांढऱ्या फिल्मवर धायटीचा लाल आणि पानाचा हिरवा एकाच राखाडीत जातात आणि एवढी फुललेली फांदी नुसती पाल्याची वाटते. हे तुला मी शिकवलं होतं, ते असो.

आता मुद्दा. कॅमेरा दोघांचा, रोल छत्तीसचा. जो रोल घालील त्याचे पहिले अठरा, दुसऱ्याचे नंतरचे अठरा. कॅमेऱ्याचा आकडा अठरावर आला की कॅमेरा हातातून हातात द्यायचा, मध्ये बिबट्या येवो नाहीतर आणखी कोणी. त्या दिवशी रोल मी घातला होता. फिल्मच्या काठावर कंपनीनेच छापलेले आकडे असतात. शिंजिराच्या फोटोखाली १८ आहे. अठरा म्हणजे माझा, असं मी म्हणालो. तू म्हणालास, कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्याच खटक्याला तो आला, म्हणजे एकोणीस. एकोणीस नंबरवर तर रिकामी फांदी आहे. एवढ्यावरून आपली थोडी बोलाचाली झाली.

फोटो काढला त्याच आठवड्यात, १६ तारखेला, ग्रहण होतं. सगळी मुंबई दारंखिडक्या लावून बसली होती. रोलच्या तोंडाशी उजेड लागून काळी झालेली फिल्म मी कापली, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात बसवली आणि गॅलरीतून ग्रहण पाहिलं. हल्ली डॉक्टर सांगतात असं पाहू नये. मालनने तो पुठ्ठा जपून पेटीत ठेवला होता. गेल्या रविवारी घराला रंग काढायचा म्हणून पेटी उपसली, तेव्हा तो निघाला. फेकणारच होतो. सवयीने उजेडाला धरला, तर काळ्या तुकड्याच्या टोकाला एक फ्रेम दिसली. अर्धी जळलेली, अर्ध्यात धायटीची पानं. भिंग लावलं. खाली आकडा शून्य.

म्हणजे त्या रोलवर माझा पहिला फोटो एक नंबरवर पडलेला नाही, शून्यावर पडला आहे. शून्य ते सतरा, हे माझे अठरा. काठावरचा अठरा हा मोजणीने एकोणिसावा. तो तुझा.

रोल घातल्यावर दोनदा रिकामा खटका दाबायचा हा नियम माझाच. त्या दिवशी मी एकदाच दाबला असणार. ऊन चढत होतं आणि पक्षी ओरडत होता. चूक आकड्याची होती, लक्षात आली, कळवली.

फोटोखाली तुझं नाव देण्यास हरकत नसल्याचे उलट टपाली कळवावे. बक्षिसाचं घड्याळ चालू स्थितीत आहे, कुठे पाठवायचं तेही कळवावे.

कळावे,
दशरथ मेस्त्री

ता. क. डोंगरावर धायटीला कळ्या धरल्या आहेत. यंदा लवकर.


मुलुंड
रविवार, ३ जानेवारी १९८८

भीमराज,
जयभीम.

तुझं उत्तर नाही. मी पत्राची नक्कल ठेवतो हे तुला माहीत आहे. ती मालनला वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “ह्या पत्र आसा काय कोर्टाचा समन्स? उलट टपाली कळवावे म्हणे. तो तुमचो शिपाय आसा?”

मी म्हणालो, मुद्देसूद लिहिलंय.

“होय तर. थोडी बोलाचाली झाली म्हणान लिवलास. थोडी झालेली तर शकुवहिनी माझ्याशी बोलाची कशाक थांबली?”

म्हणून पुन्हा लिहितो. क्रम थोडा चुकेल.

फोटो काढल्यापासून अकरा महिने आपल्यात काही भांडण नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी माझ्या मोरीत रोल धुतला, कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून वाळत टाकला. तू खाली उकिडवा बसून ओल्या फिल्मकडे बघत होतास. शिंजीर दिसल्याबरोबर तू “आला रे” म्हणालास आणि मी तुझ्या पाठीत बुक्का मारला. तेव्हा कोणी आकडा पाहिला नाही. कोणाला दाखवायचा झाला तर आपण दोघंही “आपला धायटीचा” म्हणायचो. आपली ओळखच तिथून होती ना. कारखान्याच्या मागच्या टेकाडावर जेवणाच्या सुट्टीत मी धायटीचं फूल खुडून चोखत होतो, आणि तू नवीन लागलेला, म्हणालास, “आमच्या गावाकडं पोरं करतात असं, मिस्त्रीलोक नाही.” आणि स्वतःही एक खुडलंस.

मग साप्ताहिकाचा स्पर्धेचा फॉर्म आला. त्यावर छायाचित्रकाराचं नाव लिहायला एकच ओळ होती. इथे मला थांबून खरं लिहायचं आहे. आकडा मी फॉर्म भरायच्या आधी पाहिला नाही. आधी नाव लिहिलं, दशरथ रामचंद्र मेस्त्री, माझ्या चांगल्या अक्षरात. मग मनाला बरं वाटावं म्हणून निगेटिव्ह काढून भिंगाने पाहिलं. अठरा होता. इतकं हलकं वाटलं की पुढे काही बघितलंच नाही. पाकीट बंद केलं. तुला सांगितलं नाही. बक्षीस लागलं तर सांगू, नाही लागलं तर प्रश्नच नाही, असं धरून चाललो.

बक्षीस लागल्यावर तू माझ्या घरी आलास. दारातच उभा राहून म्हणालास, “दशरथ, मी भांडत नाही. फक्त रोल पहिल्यापासून मोज. माझ्यासमोर मोज.” मी म्हणालो, मोजायला तू मला शिकवणार?

त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. टूलरूममध्ये वीस वर्षं मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतोय. दुसऱ्याने मोजलेलं मी धरत नाही, परत मोजतो, म्हणून लोक मला हसतात. सातवी पास माणूस, डिक्शनरी घेऊन तीन इंग्रजी पुस्तकं वाचून फोटोग्राफी शिकलो, त्यातलं एक वाक्य असं नाही की जे मी करून पाहिलं नाही. आणि हे मोजलं नाही. पट्ट्या मोजायला घेतल्या असत्या तर एकपासून अठरापर्यंत सगळं नीट आलं असतं, कारण शून्य पेटीत होता. पण तू समोर असतास तर विचारलं असतंस, रोलचं तोंड कुठंय? ते विचारायला नको होतं मला. हे त्या वेळी इतकं स्पष्ट माहीत होतं असं म्हणत नाही. माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही.

काल त्या रोलच्या सगळ्या पट्ट्या आणि ग्रहणाचा तुकडा असं रजिस्टर पोस्टाने तुला पाठवलं. निगेटिव्ह मी आजवर घराबाहेर दिलेलं नाही. छापायला सुद्धा दुसऱ्याकडे दिलं नाही. पोस्टातल्या बाईने पाकिटावर शिक्का मारायला हात उचलला तेव्हा मी ओरडलो, बाई, हळू. ती म्हणाली, “आत काच आहे का?” म्हटलं नाही. “मग?”

पावती घेऊन बाहेर आलो आणि एकदम भूक लागली. नाक्यावर उभं राहून तीन वडे खाल्ले. तिखट होते. घरी जाऊन परत जेवलो.

प्रदर्शनासाठी माझ्याकडे १९८० सालचा एक मोठा प्रिंट आहे, तो चालेल. निगेटिव्ह तुझंच, तुझ्याकडे राहू दे. फक्त एकावर एक ठेवू नकोस, ओरखडे पडतात. मध्ये पातळ कागद घाल.

तुझा,
दशरथ


मुलुंड
रविवार, १७ जानेवारी १९८८

प्रिय भीमराज,
जयभीम.

तुझं कार्ड गुरुवारी आलं. एवढं लहान लिहून चार ओळी. मला पाठ झाल्या आहेत, तरी उतरवतो, म्हणजे मी काही वगळलं नाही हे तुला कळेल.

“निगेटिव्ह पोचलं. मोजलं. बरोबर आहे. घड्याळ ठेव, तुझी वेळ तूच बघ. फोटोचं दोनदा लिहिलंस, हसण्याचं एकदाही लिहिलं नाहीस.”

मला वाटलं होतं ते तू विसरला असशील. किंवा मी हसलो हे तुला दिसलं नसेल. तसं नाही. तसं मला वाटावं असं वाटत होतं.

लिहितो. जानेवारी ८१, कॅन्टीन. अंबादासने साप्ताहिक आणलं होतं आणि फोटो टेबलाटेबलावर फिरत होता. तू माझ्यासमोर डबा उघडून बसला होतास. आदल्या दिवशी मी तुला दारातून परत पाठवलं होतं, तरी तू हळूच म्हणालास, “एवढं म्हण ना, की दोघांचा आहे.” दोघांचा. तू तुझासुद्धा म्हणाला नाहीस. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “लेन्सचं झाकण काढायला तुला मी शिकवलं. आता फोटोही तुझा?”

मग पलीकडच्या टेबलावरून लेथवरचा सहदेव म्हणाला, “घ्या. नोकरीत राखीव, आता फोटोतही राखीव पाहिजे यांना.”

टेबल हसलं. मी हसलो. मोठ्याने नाही, दात दिसतील एवढं. सहदेव बोलला तेव्हा तू सहदेवकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहत होतास. मग डबा बंद केलास. अर्धी भाकरी आत होती. कडी लागेना म्हणून तू ती दोनदा दाबलीस.

सात वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बोलला तो सहदेव. मी काय बोललो? झाकणाचं बोललो, ते तर खरं होतं. भीमराज, तू टूलरूममध्ये आलास तेव्हा परीक्षेत पहिला होतास, आमच्यात कोणी ती परीक्षाच दिलेली नव्हती. फोरमनने मला विचारलं होतं, तुझ्याबरोबर कोण पाहिजे, तेव्हा मीच तुझं नाव घेतलं होतं, तुझा हात पाहून. हे मला माहीत होतं आणि सहदेवला माहीत नव्हतं. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर ते टेबल गप्प झालं असतं, कारण मला तिथे मानत होते. मी ते वाक्य बोललो नाही. फोटो माझ्याकडे राहत होता.

तू जूनमध्ये राजीनामा दिलास, तेव्हा मी त्या आठवड्यात मुद्दाम सेकंड शिफ्ट घेतली.

हे मी मालनलासुद्धा आज सकाळी पहिल्यांदा सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, “आता तरी झोप लागात तुमका.” मला झोप लागत नाही हे तिला माहीत होतं तर. मी समजत होतो ती घोरते.

फोटोखाली नाव लावावं की नाही यावर तू काहीच लिहिलं नाहीस. दोन दिवस त्यावर डोकं लावलं. परवानगीशिवाय लावलं तर पुन्हा मीच तुझ्यासाठी ठरवतोय असं होईल. माझं तर लावणार नाही. नुसतं कोरं ठेवलं तर बघणारे माझंच धरून चालतील, कारण आजूबाजूचे अकरा माझे. शेवटी असं ठरवलं: तुझी ना असेल तर २५ तारखेच्या आत दोन शब्दांची तार कर, ‘नाव नको’. फोटो प्रदर्शनातून काढून घेईन, मास्तरांना मी सांगेन. तार आली नाही तर तुझं नाव जाईल.

तार पाठवू नकोस, असं मला वाटतं. पण ते माझं झालं.

दशरथ


मुलुंड
रविवार, ३१ जानेवारी १९८८

प्रिय भीमराज,

तार आली नाही. २५ तारखेला दिवसभर कामावर लक्ष नव्हतं. घरी आल्यावर मालनला विचारलं, ती म्हणाली तारवाला आला होता. मी तारेसाठी हात पुढे केला. मग म्हणाली, शेजारच्या धोंडूकडे आला होता, त्याच्या बहिणीला मुलगा झाला. पेढा ठेवलाय. तो पेढा मी खाल्ला.

तुझं नाव दिलं. पण देवस्थळी मास्तरांनी छापखान्याला जुनी यादी धाडली होती आणि माहितीपत्रक छापून आलं त्यात बारा नंबरला दशरथ मेस्त्रीच. तीनशे प्रती. मास्तर म्हणाले, “मेस्त्री, राहू द्या. फोटोखाली पाटीवर बरोबर नाव घालू. पत्रक कोण वाचतंय?”

मी म्हणालो, मी वाचतो.

“अहो, पण खोडाखोड केली की लोक विचारतील, नाव का बदललं.”

“विचारू द्या. मी तिथेच उभा असेन.”

तीनशे पत्रकं पिशवीत घालून घरी आणली. पट्टी धरून माझं नाव एका रेघेने खोडलं आणि वर काळ्या शाईने भीमराज जोंधळे लिहिलं. चार संध्याकाळी लागल्या. शंभराच्या पुढे अक्षर बिघडायला लागलं, तेव्हा उठून हात धुऊन आलो. मालन चहा देताना म्हणाली की एवढ्या वेळा देवाचं नाव लिहिलं असतं तर काहीतरी पदरात पडलं असतं. एक प्रत सोबत आहे. ही सत्तावन्नावी, चांगल्यांपैकी.

दुसरं. गेल्या रविवारी दहिसरला गेलो होतो, सहदेवकडे. तो रिटायर झाला, नदीच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये लेकाकडे राहतो. खूश झाला, लाडू काढले. मी सगळं सांगितलं, फोटोचं आणि त्याच्या वाक्याचं. त्याला आठवेना.

“मी असं बोललो? चेष्टा केली असेल रे. एवढं काय धरून बसायचं?”

“चेष्टा नव्हती ती. आणि मी हसलो, ते तरी आठवतं?”

“सगळेच हसले असतील.”

“माझं विचारतोय.”

त्याने लाडवाची ताटली माझ्याकडे सरकवली. म्हणाला, “तू आता मला काय करायला सांगतोस?” मी म्हणालो, फोटो जोंधळेचा आहे, राखीव नव्हता, एवढं म्हण. तो म्हणाला, “बरं बाबा, जोंधळेचा.” मनापासून म्हणाला असं मी लिहिणार नाही. तुझी माफी वगैरे तो मागणार नाही, आणि मीही मागे लागलो नाही. पण त्याच्यासमोर बसून बोललो. सात वर्षांपूर्वी जे कॅन्टीनमध्ये करायचं होतं ते दहिसरला करून काय उपयोग, असं तू म्हणशील. येताना मला बरं वाटत होतं, एवढंच सांगतो.

काल डोंगरावर जाऊन आलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला धायटी भरून फुललीय, फांदीचं लाकूड दिसत नाही इतकी. खालच्या बाजूची झाडी तोडून कोणीतरी कुंपण घातलंय. शिंजीर होते. मी कॅमेरा नेला नव्हता.

प्रदर्शन शुक्रवार, शनिवार, रविवार. दहा ते सहा. ये असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून फक्त वेळ कळवतो. शकुवहिनींना मालनचा नमस्कार. तो तिने स्वतः सांगायला लावला, माझ्याकडून जोडलेला नाही.

दशरथ


मुलुंड
रविवार, २१ फेब्रुवारी १९८८

प्रिय भीमराज,
जयभीम.

तुला काय म्हणावं.

शुक्रवारी दहा ते सहा मी हॉलमध्ये होतो. शनिवारी दहा ते सहा. कामावर रजा टाकली होती. धायटीच्या फोटोसमोर खुर्ची ठेवू नका म्हणून मास्तरांनी मला दोनदा उठवलं, लोकांना बघता येईना. चौदाजणांनी विचारलं, पत्रकात नाव खोडलं ते का. चौदाही जणांना सांगितलं. पहिल्याला दोनदा सुरुवातीपासून सांगावं लागलं. दहाव्याला सांगताना मध्ये लाल फिल्टरचंही समजावून दिलं. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “म्हणजे काका, तुम्ही मोजलंच नव्हतं?” नाही म्हटलं. “असं कसं?” असं म्हणून पुढच्या फोटोकडे गेली. बस. तेवढंच. मला वाटत होतं हॉलचं छप्पर पडेल.

रविवारी साडेबाराला दोन फोटो पिना सुटून लोंबायला लागले. मी पिना आणायला बाजारात गेलो. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात तू आलास आणि गेलास.

मास्तर सांगत होते, “उंच गृहस्थ, सोबत बाई. फोटोला नाक लावून उभे राहिले. मग मागे गेले, परत पुढे आले. बाईंनी विचारलं, झालं का? तर म्हणाले, थांब.” मालन तिथेच पाणी द्यायला होती. तिने तुला थांबवून ठेवलं नाही, मला बोलावणं धाडलं नाही, का, तर शकुवहिनी आणि ती भिंतीशी उभ्या राहून बोलत होत्या. काय बोललात विचारलं तर म्हणते, “आमचा आमी बोललाव.” घरी आल्यापासून गुणगुणतेय.

अभिप्रायाची वही मास्तरांनी माझ्या हातात दिली. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं. उभं, बारीक, नोंदवहीतल्यासारखं.

“भीमराज जोंधळे, मनमाड. फोटो माझा आहे. छपाई दाट झाली आहे. शिंजिराच्या पोटाखाली सगळा काळोख. चार सेकंद कमी दे. निगेटिव्ह मास्तरांकडे ठेवलं आहे. दोनची गाडी आहे.”

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. सात वर्षं तो प्रिंट लोक बघतायत, वाहवा करतायत, साप्ताहिकाच्या परीक्षकांनी बघितला. कोणी म्हणालं नाही, छपाई दाट आहे. मास्तरांना वाटलं मला वाईट वाटलं. ते म्हणाले, “मनावर घेऊ नका, मेस्त्री, बाहेरगावचे लोक आहेत.” मला हसू आवरेना. म्हटलं, मास्तर, हा माणूस मला पहिल्यापासून असंच बोलतो.

पाकीट उघडलं. सगळ्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीमध्ये पातळ कागद. ग्रहणाचा तुकडा नव्हता. तो तू ठेवलास. बरं केलंस.

आज दुपारी जेवण झाल्यावर मोरीच्या खिडकीला गोधडी लावली, लाल दिवा लावला. मालनला सांगितलं, तीनपर्यंत पाणी मागू नकोस. पट्टी लावून आधी नुसती बघितली. खरं सांगतो, आजवर मी ती फ्रेम माझी म्हणूनच बघत आलो, त्यामुळे दाट दिसलीच नाही. दुसऱ्याची म्हणून बघितली तर पाच मिनिटांत दिसलं. तू म्हणतोस ते खरं आहे. पोटाखाली सगळं बुजलंय. तिथे दोन पानं आहेत आणि मिटलेल्या कळ्यांचा एक झुबका आहे, तो मी कधी छापलाच नव्हता.

जुन्या प्रिंटला चौदा सेकंद उजेड दिला होता. दहावर एक काढला, अकरावर एक, बारावर एक. तिन्ही दोरीवर वाळत घातले आणि गॅलरीत नेऊन उन्हात पाहिले. अकराचा सोबत पाठवत आहे. मागे पेन्सिलीने लिहिलंय: धायटी व शिंजीर, मुलुंड, १०-२-८०. छायाचित्र भीमराज जोंधळे, छपाई दशरथ मेस्त्री. निगेटिव्ह मी पाठवलेलं नाही. ते माझ्याकडे का राहिलं हे तुला कळेल.

तू चार म्हणालास, मी तीनच कमी केले आहेत. चार कमी केले की फुलांच्या नळ्या कोऱ्या पडतात, त्यांवरची बारीक रेघ जाते. पटत नसेल तर येऊन स्वतः छाप. मोरी तीच आहे.

तुझा,
दशरथ